मूलपेशीतला ल

बाई,

परवा मला सोयगावहून एक फोन आला. जेमतेम मिनिटभराचा असेल, पण तो ठेवल्यापासून मला तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, आणि तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली की तुम्ही ज्या शहरात राहिलात त्याचं नावसुद्धा आता वेगळं आहे. औरंगपुऱ्यातून पैठण गेटकडे तुम्ही पिशवी घेऊन भाजीला जायचात तो रस्ता तोच आहे, फक्त चालायला जागा राहिलेली नाही. नळाला पाणी अजून रोज येत नाही. तुमच्या मोरीतली ती निळी पिंपं ज्यांनी नेली असतील त्यांना ती अजून उपयोगी पडत असणार. मी बाहेर शिकले, बाहेर नोकऱ्या केल्या आणि शेवटी परत इथंच आले. इथल्या एका रुग्णालयाला लागून प्रयोगशाळा आहे. रक्त कुठून येतं आणि ते माणसाला जन्मभर कसं पुरतं, यावर मी तिथं काम करते. माझ्या खोलीच्या दारावर पाटी आहे आणि तिच्यावरचं नाव मी हट्टानं मराठीत लिहून घेतलंय. फोनचं सांगते, पण त्याआधी 'ळ'चं सांगावं लागेल.

तुमच्या वर्गात आले तेव्हा मला ळ येत नव्हता. आमच्या घरात तो कुणालाच येत नव्हता. शहागंजमध्ये अब्बांची नानची भट्टी, घरात आणि गल्लीत बोली दखनी, आणि दखनीचं ल वर छान भागतं, तिला ळ लागत नाही. अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं त्याचं कारण त्यांच्या लेखी साधं होतं. "घर में कागज पढनेवाला कोई तो होना," असं ते अम्मीला म्हणाले, आणि भावांना भट्टीवरच बसायचं असल्यामुळे तो कोणीतरी मी झाले. तर त्या दिवशी झाडाची आकृती काढून भागांना नावं द्यायची होती. मी खोड लिहिलं, फांदी लिहिली, पान लिहिलं आणि मातीच्या खाली बाण काढून ठसठशीत अक्षरांत 'झाडाचे मूल' असं लिहिलं. शेजारणीनं वही ओढून दुसरीला दाखवली, तिनं तिसरीला, आणि बघता बघता सगळा वर्ग हसायला लागला. मला कळेचना की या हसताहेत कशाला.

तुम्ही हसला नाहीत. तुमच्या फळ्यावर मधोमध एक उभी रेघ कायमची असायची. नवा शब्द आला की तुम्ही तो नुसता मोठ्यानं म्हणायचात आणि विचारायचात, "काय ऐकू आलं?" समजलं का, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत, कारण त्याला मुली माना डोलावतात हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. ज्या मुलीला जे ऐकू आलं ते रेघेच्या डावीकडे जसंच्या तसं जायचं, कितीही वेडंवाकडं असलं तरी. अर्थ उजवीकडे, आणि तोही डावी बाजू भरल्यावर. 'प्रथिन' या शब्दात एकीला प्रथम ऐकू आलं होतं, एकीला प्रार्थना, आणि मला परात, कारण माझ्या घरी दिवसभर पराती वाजत असत. तुम्ही परात लिहून घेतलीत. त्या दिवशी 'झाडाचे मूल' हेही तुम्ही डावीकडे लिहिलंत आणि वर्गाला विचारलंत, असतं का झाडाला मूल, आणि असलं तर कुठं असतं. कुणी फूल म्हणालं, कुणी फळ, एकजण बी म्हणाली. तास संपेपर्यंत हसणं विसरून सगळ्या भांडायला लागल्या होत्या. मग घंटा झाल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि झाडलंत. म्हणालात, "चूक नाही केलीस, दुसराच शब्द लिहिलास. पण पहिला यायला नको का? एका अक्षरानं काय होतं, असं माझ्यासमोर म्हणायचं नाही." मी काही म्हटलेलंच नव्हतं, तरी बोलणी खाल्ली.

रविवारी तुम्ही मला घरी बोलवायला लागलात ते या ळ साठीच. तुमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. तुम्ही माझ्यासाठी पाट मांडलात. तुम्ही पोळ्या लाटताय आणि मी ओट्याशी बसून म्हणतेय: डाळ, केळं, वेळ, बाळ, मूळ. जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड. चुकलं की लाटणं ओट्यावर आपटतं. महिन्याभरात मला ळ यायला लागला आणि त्याच्या कौतुकानं मी तो नको तिथंही घालायला लागले. अम्मीला 'नळ' म्हटलं की ती 'नल' म्हणायची आणि मी तिला दुरुस्त करायची. अब्बा म्हणायचे, लडकी हाथ से गई.

दह्याचा रविवार तुम्हाला आठवतो का? तुमचं दही म्हणजे सुरीनं कापावं असं घट्ट. तुम्ही मला थालीपीठ वाढलंत, दह्याचं भांडं पुढे ठेवलंत आणि आत सासूबाईंना औषध द्यायला गेलात. मी ते भांडं बोटानं निपटून चाटूनपुसून लख्ख केलं. तुम्ही बाहेर आलात, भांड्यात पाहिलंत आणि कपाळाला हात लावलात. "अगं, विरजण!" मला वाटलं मी काहीतरी देवाचं खाल्लं. मग तुम्ही वाटी घेऊन स्वतः शेजारी गेलात, चमचाभर दही मागून आणलंत आणि मला समोर बसवून सांगितलंत की सगळं वाढून टाकायचं नसतं. आधी उद्याचं काढायचं, मग आजचं वाढायचं. मी म्हटलं, हे मला माहीत आहे, आमच्याकडे खमीर असतं. अब्बा रोज पीठ मळलं की सगळ्यात आधी एक गोळा बाजूला काढून ओल्या फडक्याखाली झाकतात, मग बाकीच्याचे नान. तुम्हाला फार गंमत वाटली. तुम्ही तो शब्द म्हणून पाहिलात, पण त्यातला ख घशातून काढणं तुम्हाला काही केल्या जमेना, आणि मी तुम्हाला चार-पाच वेळा परत म्हणायला लावलं. लाटणं माझ्या हातात नव्हतं एवढंच. निघताना तुम्ही मला विरजण घातलेली एक स्टीलची डबी दिलीत, झाकणावर तुमचं नाव कोरलेली. अब्बांनी ती खमीराच्या फडक्याशेजारी, गार कोपऱ्यात ठेवली. उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात दोन्ही लवकर जागी होतात आणि आंबून जातात. आज माझ्या घरी लागतं ते दही त्याच डबीतलं आहे असं मी म्हणणार नाही; मधे ते किती वेळा नासलं आणि किती जणींकडून मागून आणलं याचा हिशेब नाही. पण डबी तीच आहे.

आणि ते खुलताबाद. शाळेतल्या शिपाई मावशी स्टाफरूममध्ये तुम्हाला सांगत होत्या की खुलताबादच्या दर्ग्याला जाऊन मुलासाठी दोरा बांधा, माझ्या नणंदेला गुण आला, आणि मी वह्या घेऊन दारात उभी होते तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, ही पोरगी नेईल की तुम्हाला, हिला तिथलं सगळं ठाऊक असेल. तुम्हाला मूल नाही, ही गोष्ट शाळेत सगळ्यांना माहीत होती आणि सगळे ती हळू आवाजात बोलायचे, त्यामुळे ती जास्तच ऐकू यायची. मला वाटलं आता तुम्ही चिडणार. तुम्ही फक्त म्हणालात, "ऐकलं मी," आणि वह्या घेतल्यात. मग एका सुट्टीला तुम्ही खरंच मला घेऊन एस.टी.नं खुलताबादला गेलात. मी बाहेर चपला सांभाळत उभी होते. आत तुम्ही दोरा बांधलात की नुसत्या उभ्या राहिलात, ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही सीताफळं घेतलीत, आपण पायरीवर बसून ती खाल्ली, आणि तुम्ही एक काळी बी पुसून माझ्या तळहातावर ठेवलीत. "हे बघ," म्हणालात, "तुझं झाडाचं मूल." मी ती बी बरीच वर्षं दप्तरात ठेवली होती.

आता माझं काम सांगते, तुमच्याच पद्धतीनं, डावी बाजू आधी. प्रथिन म्हटलं की लोकांना आज डाळ ऐकू येते, नाहीतर जिममध्ये मिळणारी पावडर. उजवी बाजू अशी: पेशीत जे काही घडतं ते करणारी प्रथिनंच असतात. बांधणारी, उचलणारी, निरोप पोचवणारी, दार उघडणारी. आणि आपल्या हाडांच्या आत, मगजात, अगदी थोड्या अशा पेशी असतात की ज्यांच्यापासून सगळं रक्त तयार होतं, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, जखमेवर खपली धरणाऱ्या चकत्या, सगळं. या पेशी बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. ती झोप हेच त्यांचं मोठं काम. त्या सगळ्या एकदम जाग्या झाल्या तर काही दिवस रक्ताची चंगळ होईल आणि मग मगज रिकामा. त्यांना झोपवून ठेवतं कोण, हा माझा प्रश्न. जागं करणारं प्रथिन पेशीत सारखं तयार होत असतं, पण तिथंच दुसरं एक प्रथिन असतं, ते त्याला शोधून त्याच्यावर खूण करतं, आणि खूण झालेलं प्रथिन मोडून टाकलं जातं. हे मोडणं वेळच्या वेळी चालू आहे तोवर पेशी झोपेत. रक्त गेलं, ताप आला, गरज पडली, की मोडणं मंदावतं, जागं करणारं साचतं, पेशी उठते आणि एकीच्या दोन होतात. सगळं सुरळीत असलं तर त्यातली एक कामाला जाते आणि एक मागे राहते. कामाला जाणारी तांबडी होणार की पांढरी, हेही तिच्यात कोणतं प्रथिन टिकलं आणि कोणतं मोडलं यावरच ठरत जातं. गरज भागली की मोडणं परत सुरू, आणि मागे राहिलेली पुन्हा झोपते.

माझा वाटा यातल्या एका लहानशा तुकड्याचा आहे, खूण करणाऱ्या एका प्रथिनाचा. मी परदेशात होते तिथं ते नसलेले उंदीर आम्ही पाळले, तेव्हा पहिल्यांदा त्यांचं रक्त वाढलं आणि आमच्या खोलीत सगळे खूश झाले. काही महिन्यांनी मी त्यांच्या मगजाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तिथं जवळपास काही नव्हतं. सगळ्या पेशी कामाला गेल्या होत्या, मागे कुणी राहिलंच नव्हतं. परक्या देशात, परक्या भाषेतल्या माणसांच्या मधे उभी असताना मला तुमचा आवाज स्वच्छ ऐकू आला: अगं, विरजण! मी मोठ्यानं हसले आणि बाकीच्यांना सांगता येईना की का. अब्बांना फोनवर हे खमीर म्हणून सांगितलं तर ते म्हणाले, इसके लिए इतना दूर गई? पण दुसऱ्या दिवशी भट्टीवर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ते ऐकवलं, असं भाऊ सांगत होता. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, कारण त्याच्या आधीच तुम्ही गेला होतात.

आता सोयगावच्या बाईंची गोष्ट. त्यांचा मुलगा, कॉलेजात शिकणारा, आमच्या रुग्णालयात दाखल होता. त्याच्या हाडांतल्या या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, रक्त तयारच होत नव्हतं, दर थोड्या दिवसांनी बाहेरचं रक्त चढवून त्याला उभा ठेवला होता. त्याच्या बहिणीच्या पेशी जुळल्या. असं जुळणं म्हणजे नशीबच, आणि डॉक्टर खुशीत होते. बहिणीच्या कमरेच्या हाडातून सुईनं थोडा मगज काढायचा, भावाला द्यायचा. बहिणीला दोन-चार दिवस कंबर दुखेल, बाकी काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, समुपदेशन करणाऱ्या मुलीनं सांगितलं, परत डॉक्टरांनी सांगितलं, आणि दर वेळी विचारलं, समजलं का. त्या बाई दर वेळी व्हय म्हणाल्या. आणि मग एका सकाळी त्यांनी पिशव्या भरल्या आणि सांगितलं की आम्ही पोराला घरी नेतो. डॉक्टर आमचे दिल्लीकडचे, भला माणूस, पण मराठी कामापुरती. ते धावत माझ्याकडे आले. म्हणाले, तुमची मराठी चांगली आहे, तुम्ही बोलून बघा. बाई, शहागंजच्या भट्टीवाल्याच्या पोरीला कुणीतरी हे म्हणालं, आणि ते तुम्ही ऐकायला हवं होतं. मग मी उठून त्यांच्यामागोमाग निघाले.

वॉर्डाशेजारच्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत तिघं बसले होते. आई, वडील आणि ती बहीण, जिचं लग्न ठरलेलं होतं. माझं नाव ऐकून आईनं माझ्याशी हिंदीत सुरुवात केली, मी मराठीत उत्तर दिलं, तशा त्या थोड्या सैल झाल्या. पण मुद्द्यावर आलं की तेच. आमी ठरवलंय मॅडम. आमचं नशीब. मी समजावायला तोंड उघडलं आणि मला दिसलं की समजावणं यांना आता तोंडपाठ झालंय, मीही तेच सांगणार आणि याही परत व्हय म्हणून पिशवी उचलणार. तिकडे मुलाकडे फार दिवस नव्हते. मग मी समजावलं नाही. मी विचारलं, "हे डॉक्टर जो शब्द बोलतात, मूलपेशी, तो कानावर पडला तेव्हा तुम्हाला काय ऐकू आलं?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा उठला आणि चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला. दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "मूल. दुसरं काय ऐकू येणार?" आणि मग सगळं बाहेर पडलं. पोरीच्या पोटात पुढं होणाऱ्या लेकरांच्या पेशी असतात, त्या काढून भावाला घालणार, अन् काढणार बी कुठून तर कमरेतून. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, कारण असलं विचारायचं कसं आणि लग्नाआधी पोरीच्या बाबतीत असली कुजबुज बाहेर गेली तर काय. रात्रंदिवस त्या एकट्याच हे तोलत होत्या. "एका लेकरासाठी दुसऱ्या लेकराची कूस रिकामी करू का? तुमीच सांगा मॅडम, कोन्ती आई व्हय म्हणंल?"

तेवढ्यात ती मुलगी, जी इतका वेळ ओढणीचं टोक पिळत बसली होती, खाली बघूनच म्हणाली, "मला बी तेच वाटलं व्हतं, आई. तरी मी व्हय म्हणलं."

आईनं तिच्याकडे पाहिलं ते पाहणं मी लिहू शकत नाही. पोरीचं वय वीस-एकवीस. लग्न ठरलेलं. तिला वाटत होतं की आपण आपली होणारी सगळी लेकरं देऊन टाकतोय, आणि तिनं कुणाला कळू न देता मान डोलावली होती. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे गेले, मधोमध उभी रेघ ओढली, डावीकडे 'मूल' लिहिलं आणि उजवीकडे 'मूळ'. सांगितलं की डॉक्टर लोकांचा शब्द संस्कृतातून आलाय, तिथं मूल म्हणजे मूळ. झाडाचं असतं ते. या रक्ताच्या मुळाशी असलेल्या पेशी आहेत, कुशीचा आणि यांचा काडीचा संबंध नाही, कमरेच्या हाडात त्या असतात कारण ते हाड मोठं आहे, एवढंच. मीही लहानपणी हेच उलटं लिहिलं होतं आणि सगळा वर्ग मला हसला होता, तेही सांगितलं. आईनं ते दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणून पाहिले, मग परत म्हणून पाहिले. आणि मग रडल्या, तोंडावर पदर घेऊन, बराच वेळ.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला मोठमोठ्या सभांत कुणी विचारलेला नाही असं नाही, पण इतक्या काळजीनं कुणी विचारला नव्हता. तिचं काढल्यावर तिच्यात उरलेलं तेवढं पुरंल का? का ते बी सगळं जागं होऊन संपून जाईल, याच्यासारखं? आता हे माझं आयुष्याचं काम आहे, बाई. मी त्यांना विरजणावरून सांगितलं. शेजारणीला आपण चमचाभर विरजण देतो, त्यानं आपलं दही आटत नाही. उरलेलं वाढतं. आणि ते वाढून आंबून जात नाही, कारण पेशीच्या आत जागं करणारं जसं असतं तसं ते वेळेवर मोडून टाकणारंही असतं. तिच्या पेशी उठतील, कमी पडलेलं भरून काढतील आणि परत झोपतील. तुमच्या मुलाच्या पेशी संपल्या तो आजार आहे, तिला तो आजार नाही, तेही तपासलंय. वडील चहा घेऊन आले तेव्हा आम्ही तिघी दह्यावर बोलत होतो आणि त्यांना काही उमजेना. आईनं त्यांच्या हातातून कप घेतला, मला दिला आणि विचारलं, "बाई, तुमी शाळंत शिकवता का?" इतका वेळ मी मॅडम होते.

मी नाही म्हणाले. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या.

पुढचं सगळं सोपं नव्हतं. मुलगा कित्येक आठवडे काचेपलीकडे होता, तापानं दोनदा घाबरवलं. पण बहिणीच्या पेशी त्याच्या हाडांत बसल्या, आणि एका सकाळी त्याच्या अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा हलला तेव्हा दिल्लीकडच्या डॉक्टरांनी जिन्यात उभं राहून मला तो मराठीत वाचून दाखवला. त्याचा रक्तगट आता बहिणीचा झालाय. राखीला हिला काय घालायचं, माझ्याकडं आता स्वतःचं रक्त बी नाय, असं तो सगळ्या वॉर्डला सांगायचा. तिचं लग्न थोडं पुढं ढकललं, पण झालं. मला आमंत्रण होतं, मी गेले, आणि पंगतीत वाढताना तिच्या आईनं माझ्या ताटात दह्याची वाटी दोनदा ठेवली.

आणि परवाचा फोन त्यांचाच. आवाज ओळखला नाही मी आधी, मागे खूप गलका होता. त्या म्हणाल्या, "बाई, ळ चं तर दिलंच व्हतं. आता ल चं बी झालं. लेक झाली तिला." मी काहीतरी बोलले असेन, अभिनंदन वगैरे, मला आठवत नाही. फोन ठेवला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले, आणि मग घरी येऊन हे लिहायला बसले.

हे पत्र कुठं जाणार नाही, ते राहील तुमच्या डबीखाली, स्वयंपाकघरातल्या फळीवर. एकच सांगायचं राहिलंय, आणि ते मी त्या खोलीत फळ्यावर लिहिलं नाही. या पेशींचं मराठी नाव मला कितीतरी उशिरा कळलं. परदेशात होते, तुम्ही गेल्याचं नुकतंच कळलं होतं, आणि अम्मीनं पाठवलेल्या डब्याला एक मराठी पेपर गुंडाळलेला होता. त्यात आजाराविषयीच्या एका लेखात तो शब्द छापलेला होता. मी सवयीनं तो मोठ्यानं म्हटला आणि स्वतःला विचारलं, काय ऐकू आलं? तोवर मला ल आणि ळ दोन्ही चांगले येत होते, अर्थही ठाऊक होता, रोज त्याच पेशी माझ्या हातात होत्या. तरी मला मूळ ऐकू आलं नाही, बाई. मूल ऐकू आलं. तुमचं.